‘तुम्ही तर भाडेकरू’ : आगीच्या कागदांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या वायरिंगबद्दल लिहिलं होतं. त्यावर भाडेकरूंची इतकी पत्रं आली की हे सदर या वेळी त्यांनाच देऊन टाकलं आहे. वायरिंगची तक्रार त्यांत थोडीच होती. खरी तक्रार अशी, की विचारलं तर कुणी काही सांगत नाही. इमारतींच्या अग्निसुरक्षा तपासणीच्या कामात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे ही टोलवाटोलवी मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पुष्कळ पाहिली आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावं-गावं गाळली आहेत.

प्रश्न : अकरा मजली इमारतीत नवव्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहतो. घरात आम्ही दोघं, शाळेत जाणारी मुलगी आणि गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या सासूबाई. शेजारच्या इमारतीत मीटरपाशी आग लागली, तेव्हापासून मी घरमालकांना विचारते आहे, की आपल्या इमारतीची तपासणी शेवटची कधी झाली आणि अहवाल बघायला मिळेल का. ते म्हणतात, ‘ते व्यवस्थापनाकडे असतं.’ व्यवस्थापनाचे सचिव म्हणाले, ‘तुम्ही तर भाडेकरू. कागद आम्ही मालकालाच दाखवतो.’ मालकांकडे परत गेले तर म्हणाले, ‘सगळं ओके आहे हो वहिनी, कशाला टेन्शन घेता?’ मला नक्की काय मागता येतं?

उत्तर : ‘सगळं ओके आहे’ याला मी उत्तर मानत नाही. उत्तरात तारीख हवी आणि खाली कुणाची तरी सही हवी. तुम्ही नेमकं तेच विचारताय, म्हणून तुम्हाला दोन दारांमध्ये फिरवलं जातंय.

आधी मागायचं काय ते पक्कं करू. ‘फायरचे पेपर दाखवा’ असं मोघम म्हटलंत तर हाती पडेल तो बांधकामाच्या वेळचा ना-हरकत दाखला. काचेच्या चौकटीत घालून ऑफिसात टांगलेला असतो तो. इमारत कागदावर कशी ठरली होती, एवढंच त्यातून कळतं. पुढे कुणी जिन्याचं दार काढून टाकलं, इंटरनेटची केबल ओढताना डक्टला (केबल-नळ वर नेणाऱ्या उभ्या पोकळीला) भोक पाडून तसंच ठेवलं, पंपाची मोटर जळाली, यातलं काहीच त्यात नसतं. दुसरा कागद देखभालीचा. पंप चालतो, हायड्रंटला (आग विझवायच्या पाण्याच्या नळाला) दाब येतो, अलार्म वाजतो, असं त्यात तपासणाऱ्या एजन्सीने लिहून दिलेलं असतं. तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा, म्हणजे लोक ज्याला फायर ऑडिट म्हणतात तो जोखीम-तपासणीचा अहवाल. तपासणारा माणूस इमारतभर फिरतो आणि काय बिघडलंय, कुठे, किती गंभीर आणि कधीपर्यंत दुरुस्त करायचं, ते लिहितो. तुम्हाला हवी आहे ती ही त्रुटींची यादी, आणि त्यापुढचा ‘पूर्तता’ हा रकाना. यादी लांबलचक निघाली तर दचकू नका. अकरा मजल्यांत एकही त्रुटी नाही असा अहवाल दिसला, तर मी आधी विचारीन, की तपासणारे साहेब लिफ्टने वर गेले आणि लिफ्टनेच खाली आले का.

आता हक्काचं. कायदा जागोजागी वेगळा, पण वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते दिसतं. इंग्लंडमध्ये २३ जानेवारी २०२३पासून नवे नियम लागू झाले. दोन किंवा त्याहून अधिक घरं आणि सामायिक जिना-पॅसेज असलेल्या इमारतीत आग लागल्यावर काय करायचं, ती कळवायची कशी, अग्निरोधक दारं बंद का ठेवायची, हे तिथल्या रहिवाशांना सांगावंच लागतं. नव्याने राहायला आलेल्याला लवकरात लवकर, आणि पुढे दर वर्षी. नियमात शब्द ‘रहिवासी’ आहे, त्यामुळे मालक की भाडेकरू हा वादच उरत नाही. आपल्याकडे, महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांच्या २००६च्या कायद्यात यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी ‘मालक किंवा भोगवटादार’ यांच्यावर आहे. परवानाधारक एजन्सीचं देखभालीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं असतं. भोगवटादार म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणारा. जबाबदारी वाटताना ज्याला धरलं, त्यालाच कागद दाखवायची वेळ आली की बाजूला करायचं, हे माझ्या काही पचनी पडत नाही.

तरीही, अहवालाची प्रत भाडेकरूच्या हातात द्याच, असा स्पष्ट नियम सगळीकडे नसतो. म्हणून वाट मालकामार्फतच काढायची. सचिव मालकाला कागद दाखवायला तयार आहेत ना? मग मालकांनी तो मागावा आणि त्याची प्रत तुम्हाला द्यावी. फोनवर बोलू नका, लिहून पाठवा. मजकूर एवढाच पुरे :

‘आपल्या मालकीच्या सदनिकेत आम्ही राहतो. इमारतीची अग्निसुरक्षा तपासणी शेवटची कोणत्या तारखेला आणि कोणी केली, त्यात कोणत्या त्रुटी निघाल्या आणि त्यांपैकी कोणत्या अजून दुरुस्त व्हायच्या आहेत, हे कृपया व्यवस्थापनाकडून लेखी घेऊन आम्हाला पंधरा दिवसांत कळवावे. घरात जिना उतरू न शकणारी वृद्ध व्यक्ती आहे, तिच्या सुटकेची व्यवस्था काय आहे तेही कळवावे.’

यात आरोप नाही, धमकी नाही, कलमांची यादी नाही. उत्तर आलं तर उत्तमच. नाही आलं, तर तारखेसकट तुमच्याकडे नोंद राहते, की मालकाला विचारलं होतं. करार नव्याने करायची वेळ येईल तेव्हा ‘अग्निसुरक्षेच्या अहवालाची प्रत दर वर्षी देण्यात येईल’ हे एक वाक्य त्यात घालून घ्या. सही होण्याआधी माणसं फार समजूतदार असतात.

तेही जमलं नाही तर अग्निशमन खात्याकडे जा. इमारतीला काढलेल्या नोटिसा, तपासणीच्या नोंदी, दाखल झालेली प्रमाणपत्रं तिथे असतात, आणि खातं सार्वजनिक असेल तर माहिती अधिकाराने ती मागता येतात. भारतात त्यासाठी २००५चा कायदा आहे, ब्रिटनमध्ये २०००चा. अर्ज करायला घराची मालकी लागत नाही. भारतात उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं. अर्जात ‘का’ विचारू नका. ‘तपासणी का केली नाही?’ असं विचारलंत तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढीच एक ओळ परत येईल. या कायद्याने मिळते ती नोंदीची प्रत. तेव्हा नोंदच मागा : अमुक इमारतीच्या मागच्या तीन वर्षांतल्या तपासणी नोंदी, नोटिसा आणि देखभाल प्रमाणपत्रं.

कागद येईल तेव्हा येईल. एखाद्या सुट्टीच्या सकाळी नवव्या मजल्यावरून जिन्याने खाली उतरा. मुलीलाही बरोबर घ्या, मुलांचं लक्ष जास्त असतं. जिन्याला दार असेल तर ते अर्धं उघडून सोडून द्या. ते आपोआप येऊन खटक्यात बसलं पाहिजे. झाडाची कुंडी ठेवून दार अडवलेलं असेल, सुतळीने ते कठड्याला बांधलेलं असेल, क्लोजरचा (दार आपोआप ओढून घेणाऱ्या यंत्राचा) हात निखळून लोंबत असेल, तर फोटो काढा. हे क्षुल्लक वाटतं ना? न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ९ जानेवारी २०२२ला १९ मजली इमारतीतल्या एका घरात विजेच्या हीटरमुळे आग लागली. ज्वाळा त्या घरात आणि बाहेरच्या पॅसेजमध्येच राहिल्या. पण आपोआप बंद व्हायला हवं होतं ते त्या घराचं दार उघडं राहिलं. धूर जिन्यातून वर चढला आणि १७ जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. आगीत माणूस भाजून मरतो असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. बहुतेकांना मारतो तो धूर.

उतरताना प्रत्येक मजल्यावरच्या विजेच्या डक्टकडे नजर टाका. हात घालू नका, नुसतं बघा. केबल ज्या फटीतून वरच्या मजल्यावर जातात ती बुजवलेली आहे, की खालचा उजेड दिसतोय? दिसत असेल तर तिथूनच धूरही येईल. हायड्रंटची लाल पेटी दिसली की आत होज आहे का आणि त्याच्या टोकाची पितळी नोझल जागेवर आहे का, ते पाहा. या नोझल भंगारात विकल्या जातात, पेट्या मात्र वर्षानुवर्षं दिमाखात उभ्या असतात. अग्निशामक नळकांड्यावर दाबाचा छोटा काटा असेल तर तो हिरव्या पट्ट्यात हवा, आणि गळ्यातल्या चिठ्ठीवर शेवटच्या सर्व्हिसची तारीख हवी. खाली पोचल्यावर जिना कुठे निघतो ते बघा. तिथे दुचाक्या लावलेल्या असतील, त्यातही विजेवरची स्कूटर चार्जिंगला असेल, तर तुमच्या एकुलत्या एक वाटेच्या तोंडावरच इंधन आणून ठेवल्यासारखं आहे.

आता सासूबाई. जिना उतरू न शकणाऱ्यांची नोंद व्यवस्थापनाकडे आहे का, हे मुद्दाम विचारा. नसेल तर आपला मजला, घर क्रमांक आणि ‘जिना उतरता येत नाही’ एवढं लिहून सचिवांना आणि मुख्य दरवाजावरच्या रखवालदाराला द्या. अग्निशमन दल आलं की पहिला प्रश्न तोच विचारतं, ‘वर कोण अडकलंय?’ त्या वेळी शोधाशोध नको. इमारतीत आश्रयमजला (आगीच्या वेळी थांबायला राखलेली सुरक्षित जागा) किंवा सुरक्षित गच्ची आहे का, आणि तिचं दार कुलूपबंद तर नाही ना, हेही विचारून घ्या. नऊ मजले उतरवण्यापेक्षा दोन मजले नेऊन सुरक्षित जागी बसवणं दोन माणसांना जमतं. ती दोन माणसं कोण, हे शेजाऱ्यांशी आजच ठरवा. दुपारी घरात सासूबाई एकट्याच असतील, तर दुपारी घरी असणारे शेजारी निवडा.

प्रश्न : आधीच्या भाड्याच्या घरात सांगितलं होतं, की इमारतीत दुसरीकडे आग लागली तर दार लावून घरातच थांबा. नव्या ठिकाणी वॉचमन म्हणतो, घंटा झाली की सगळ्यांनी खाली पळायचं. दोन्ही बरोबर कसं असेल?

उत्तर : असू शकतं. घर बदललं की हा नियमही बदलतो, आणि भाडेकरू नेमका जुन्या घराचा नियम डोक्यात घेऊन नव्या घरात येतो. तुम्हाला प्रश्न पडला हे फार चांगलं झालं.

‘घरात थांबा’ हा सल्ला एका गृहीतावर उभा आहे. प्रत्येक घर म्हणजे एक बंद पेटी. भिंती, छत, दार यांनी आग तास-अर्धा तास तरी त्या पेटीत अडवून धरायची, तोवर अग्निशमन दल येऊन ती विझवणार. जिना मोकळा राहतो, शेकडो माणसं एकदम त्यात घुसत नाहीत. इमारत तशी बांधली असेल आणि तशीच राखली असेल, तर सल्ला शहाणपणाचा आहे. ‘सगळे खाली’ हा नियम तिथे, जिथे पेटी फुटकी आहे किंवा पूर्ण इमारतीला वाजणारा अलार्म आणि पुरेसे जिने आहेत.

पेटी फुटकी आहे हे राहणाऱ्यांना माहीत नसलं तर काय होतं, ते लंडनने दोनदा पाहिलं. ३ जुलै २००९ला लाकनाल हाउस या इमारतीत आग लागली. आत अडकलेल्यांना फोनवरून घरातच थांबायला सांगितलं गेलं. सहा जण गेले, तिघं लहान मुलं. मग १४ जून २०१७, ग्रेनफेल टॉवर. २४ मजल्यांची इमारत, उतरायला जिना एकच. चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फ्रिजपाशी आग लागली. त्या घरातल्या रहिवाशाने रात्री १२ वाजून ५४ मिनिटांनी फोन केला, म्हणजे त्याने करायला हवं ते सगळं केलं. पण नूतनीकरणात इमारतीला बाहेरून जे पत्रे लावले होते, त्यांच्या दोन अॅल्युमिनियम थरांमध्ये पॉलिथिलीन, म्हणजे पेट घेणारं प्लास्टिक होतं. आग खिडकीतून बाहेर पडली आणि बाहेरच्या बाजूने वर चढली. ‘घरात थांबा’ हा सल्ला मागे घेतला गेला तो २ वाजून ४७ मिनिटांनी. ७२ माणसं गेली. ग्रेनफेलच्या रहिवाशांनी आगीच्या धोक्याबद्दल आधी लेखी इशारे दिले होते. चौकशीचा पहिला अहवाल २०१९मध्ये आला. त्यातली एक शिफारस अशी, की स्वतंत्र घरं असलेल्या प्रत्येक निवासी इमारतीच्या, मग ती उंच असो वा नसो, मालकाने आगीच्या वेळच्या सूचना राहणाऱ्यांना समजतील अशा स्वरूपात द्याव्यात. साधी वाटते ही शिफारस, पण ती कागदावर यायला ग्रेनफेल घडावं लागलं. पहिल्या उत्तरातले इंग्लंडचे नियम त्यातूनच आले.

तेव्हा वॉचमनचं ऐकून सोडून देऊ नका. व्यवस्थापनाला विचारा, की आमच्या इमारतीचा नियम कोणता आणि तो कोणी ठरवला. घंटा सगळ्या मजल्यांवर ऐकू येते का? इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला शोभेचे पत्रे, पॅनेल किंवा फोमचा थर लावला असेल तर त्यात काय आहे? या शेवटच्या प्रश्नाला ‘एकदम चांगल्या कंपनीचं आहे’ असं उत्तर येतं. कंपनी नकोय, साहित्याचं नाव आणि चाचणीचा दाखला हवाय.

नियम कोणताही असो, काही गोष्टी बदलत नाहीत. आग तुमच्याच घरात असेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, दार मागे ओढून घ्या (कुलूप नाही), मग फोन करा. घरात धूर किंवा ज्वाळा येऊ लागल्या, किंवा अग्निशमन दलाने निघा म्हटलं, तर निघा. दारापलीकडे पॅसेज धुराने भरला असेल तर तिकडे जाऊ नका. दाराच्या फटी ओल्या कपड्याने बुजवा, रस्त्याकडच्या खिडकीत या आणि फोनवर मजला आणि घर क्रमांक सांगत राहा. लिफ्ट नाही म्हणजे नाही.

प्रश्न : आम्ही पाच जण एका फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर (प्रत्येकी एका खाटेचं भाडं देऊन) राहतो. खिडक्यांना वेल्डिंग केलेलं ग्रिल आहे. रात्री अकरानंतर मालक बाहेरचं लोखंडी दार बाहेरून कुलूप लावून बंद करतो, किल्ली त्याच्याकडेच. माहिती कशी मागायची?

उत्तर : माहिती मागत बसू नका, जी हवी ती तुमच्याकडे आहे. आतून किल्लीशिवाय उघडत नाही असं दार झोपायच्या जागेला असताच कामा नये. जोहान्सबर्गमध्ये ३१ ऑगस्ट २०२३ला खचाखच भरलेल्या एका जुन्या इमारतीला आग लागली आणि ७६ जण गेले. कुलूपबंद फाटकांमुळे लोकांना बाहेर पडता आलं नाही, हे तिथे समोर आलं.

आजच मालकाला सांगा, की कुलुपाऐवजी आतून नुसत्या हाताने उघडणारी कडी लावा आणि एका खिडकीच्या ग्रिलला बिजागरीचं दार करा. चोरांची भीती वाटत असेल तर बाहेरून किल्लीने आणि आतून मुठीने उघडणारं लॅच मिळतं. तयार नसेल तर थेट अग्निशमन केंद्रात जाऊन सांगा. फोनपेक्षा समक्ष गेलेलं बरं, कुलपाचा फोटो दाखवता येतो. आणि खरं सांगू? जमेल तितक्या लवकर दुसरी जागा बघा. पाच जणांना रात्रभर कोंडून ठेवणारा माणूस दोन पत्रांनी सुधारेल असं मला वाटत नाही.

प्रश्न : घर दाखवताना मालकीणबाई म्हणाल्या, ‘स्मोक डिटेक्टर पण आहे बरं का!’ छताला पांढरी चकती आहे खरी, पण ती कधी वाजलेली मी ऐकली नाही. चालू आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : बटण दाबून. चकतीवर चाचणीचं बटण असेल तर ते काही सेकंद धरून ठेवा, कान किटेल असा आवाज यायला हवा. छोटा लाल दिवा लुकलुकतो म्हणजे यंत्र चालू आहे, असं समजू नका. बटणच नसेल तर ते इमारतीच्या मध्यवर्ती यंत्रणेला जोडलेलं असू शकतं. मग त्याला हात न लावता व्यवस्थापनाला विचारा, की पॅनेलवर आमच्या घराचा डिटेक्टर दिसतो का आणि तो बिघाडात तर नाही ना. पॅनेलची सारखी कटकट नको म्हणून पूर्ण मजलाच्या मजला बंद करून ठेवलेला मी पाहिला आहे.

चकती सुटी, बॅटरीवरची असेल तर फिरवून काढा आणि मागे छापलेली तारीख वाचा. साधारण दहा वर्षांनी डिटेक्टर बदलायचा असतो, आवाज येत असला तरी. रंगकाम करताना वर ब्रश फिरला असेल, किंवा आधीच्या भाडेकरूने फोडणीने वाजतो म्हणून प्लास्टिकची पिशवी बांधली असेल (ही पिशवी फार ठिकाणी सापडते), तर आत धूर जाणारच नाही. स्वयंपाकघरात सारखं वाजत असेल तर तिथे उष्णतेवर चालणारा सेन्सर बसवायला सांगा, आणि धुराचा झोपायच्या खोल्यांबाहेर हलवा. धुमसणाऱ्या गादी-सोफ्याच्या आगीत प्रकाशाच्या तत्त्वावर चालणारा, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक प्रकार लवकर वाजतो. नवा घेणार असाल तर तो घ्या.

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म हवा आणि भाडं सुरू होण्याच्या दिवशी तो चालू आहे हे घरमालकाने तपासायचं, असा नियम २०१५पासून आहे. तुमच्या गावी असा नियम असो-नसो, किल्ली हातात घेताना मालकीणबाईंसमोर बटण दाबायला काय हरकत आहे? नळ, पंखे, गिझर तपासतोच ना आपण.

प्रश्न : मी स्वतः घरमालक आहे, तेव्हा दुसरी बाजूही छापा. भाडेकरूला अहवाल दिला की तो त्यातली प्रत्येक त्रुटी पुढे करून भाडं कमी करायला लावतो. शिवाय इमारतीचे नकाशे, पंपरूमची जागा वगैरे कुणाच्याही हाती देणं सुरक्षेच्या दृष्टीने बरोबर नाही. लोकांना उगाच घाबरवण्यात काय अर्थ आहे?

उत्तर : छापली. नकाशांचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. पंपरूमची किल्ली कुठे असते किंवा सीसीटीव्ही कुठे कुठे आहेत, हे भाडेकरूला कळायची गरज नाही. ती पानं बाजूला ठेवा. पण जिन्याचं दार लागत नाही, हे गुपित ठेवून कोणत्या चोराला अडवणार आहात?

भाड्याचं म्हणाल तर त्रुटी खरी असेल तर तिची घासाघीस होणारच. गळक्या छताचीही होते. घाबरण्याबद्दल माझा अनुभव उलटा आहे. ज्यांना काहीच सांगितलेलं नसतं, तेच ऐनवेळी लिफ्टकडे पळतात. ज्यांना सांगितलेलं असतं ते कटकटे होतात हे खरं, ‘पाचव्या मजल्यावरचा दिवा गेलाय’ असे मेसेज करत राहतात. ती कटकट फुकटची देखभाल आहे. तुम्ही इमारतीत राहत नाही, तपासणारा वर्षातून एक-दोनदा येतो. रोज जिना चढणारा माणूस तुमच्या घरात राहतोय, त्याचे डोळे वापरा.

तुम्ही एक करून बघा. घर देताना एका पानावर लिहा : इमारतीत आग लागल्यावरचा नियम, जिने कुठे उतरतात, अलार्म कसा वाजवायचा, शेवटची तपासणी कधी झाली, कोणत्या दुरुस्त्या बाकी आहेत आणि त्या कधी होणार, बिघाड कळवायचा नंबर. भाडेकरूला मराठी येत नसेल तर त्याच्या भाषेत. दोघांची सही, एक प्रत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली. हे पान लिहायला बसलात की तपासणीच्या तारखेपाशी तुम्हीच अडाल. व्यवस्थापनाकडून ती मागवून घ्या, आणि बाकी दुरुस्त्यांची यादी मागायला विसरू नका.